हेमंतरावांचा होकार

१

साक्षीपुराव्याचा कायदा शिकवण्यात माझी हयात गेली. मेलेल्या माणसाच्या शब्दाला कोर्टात किती वजन द्यायचं, हा त्यातला माझा आवडता धडा. माणूस मरताना जे बोलतो ते ग्राह्य धरता येतं. मेल्यानंतर बोलला तर काय, हे मात्र एकाही विद्यार्थ्याने मला कधी विचारलं नाही. ते विचारलं मृण्मयी आपटेने, हैदराबादेत मलकपेठच्या माझ्या घरी, मी दोसे घालत असताना.

"सुलभाताई, हेमंतकाकांनी परवा होकार दिलाय," ती म्हणाली.

मी गॅस बंद केला. हेमंतराव भालकीकर जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. त्यांच्या तेराव्याला मी आणि मृण्मयी एकाच पंगतीला बसलो होतो.

हेमंतराव म्हणजे उषाचे यजमान, आणि उषा माझी शाळेपासूनची मैत्रीण. नोकरी सरकारी कचेरीतल्या संगणक विभागात आणि वेड हरकाऱ्याचं. हरकारा हा त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम. मृण्मयी त्याला लायब्ररी म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अफझलगंजची लायब्ररी आठवली आणि तिथे हिचं काय काम असं वाटलं होतं. प्रकरण वेगळंच आहे. दवाखान्याचा, शाळेचा, दुकानाचा, कसलाही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला लोकांना ईमेल पाठवाव्या लागतात. ते पाठवण्याचं यंत्र प्रत्येकाने नव्याने कशाला घडवायचं? हरकारा तयार आहे, तो घ्यायचा आणि जोडायचा. जगभर लोक तो वापरतात, फुकट, आणि त्याचं आतलं सगळं उघडं असतं. कुणीही वाचावं, कुणीही सुधारणा सुचवावी. सुचवलेली सुधारणा आत घ्यायला मात्र हरकाऱ्याच्या साइटवर होकार लागतो. एकतर सांभाळणाऱ्या तिघांपैकी, म्हणजे मृण्मयी, समीर आणि कौस्तुभपैकी, दोघांचा, नाहीतर एकट्या हेमंतरावांचा.

"कशाला दिला होकार?" मी विचारलं.

"नभडाकला!" मृण्मयीचा आवाज चढला. "हायटेक सिटीतली कंपनी आहे. लोकांच्या ईमेल स्वतःच्या मशीनवरून पाठवून देते. आत काय चालतं ते कुणाला दिसत नाही, सगळं कुलूपबंद. उद्या त्यांनी दार लावलं तर बाहेरचे बाहेरच. हरकाऱ्याला पत्र न्यायचे बरेच रस्ते माहीत आहेत, त्यात कौस्तुभने नभडाकचा रस्ता जोडायचा बदल लिहिला. तो स्वतः तिथेच नोकरीला आहे, हे आणखी. मी आणि समीरने अजून नीट वाचलाही नव्हता. सकाळी बघते तर बदल आत गेलेला, नवी आवृत्ती जगभर पोचलेली, आणि खाली लिहिलेलं, होकार, हेमंत भालकीकर."

"म्हणजे कौस्तुभने खोटी सही केली असं तुझं म्हणणं."

"दुसरं कोण करणार? रविवारी उषाकाकूंकडे बसतोय आम्ही. त्याला काढायचं ठरलंय. तुम्ही फक्त सिद्ध करून द्या."

आधी शिक्षा ठरवून मागाहून पुरावा शोधणारी माणसं मला नवीन नाहीत. पण मला काळजी वाटली, ती कौस्तुभची. कौस्तुभ हुमनाबादकर कॉलेजात असताना त्याचे वडील गेले, तेव्हापासून तो उषाच्या घरी जेवला, तिथेच हेमंतरावांच्या शेजारी बसून प्रोग्रॅम लिहायला शिकला. हरकाऱ्यातून त्याला काढणं म्हणजे त्या घरातून काढणं. त्याला दुसरं घर नव्हतं.

"सिद्ध काय करायचं ते नंतर," मी म्हटलं. "आधी दोसा खा. उपाशी माणूस फार लवकर निकाल देतो."

२

उषाचं घर गौलीगुड्यात. तिथे गेले की माझा पाय आपोआप मंदावतो. मी आणि उषा ह्या गल्ल्यांत वाढलो. बस अड्ड्याचं ते मोठं गोल छत आता नाही, पण तिथून जाताना मी अजूनही वर बघते. दप्तरं पाठीला लावून आम्ही त्याच्या सावलीत पेरू खात उभ्या राहायचो आणि नांदेडच्या गाडीतून कोण उतरतं त्याच्यावर पैजा लावायचो.

उषाने दार उघडलं ते "किती वाळलीस गं" म्हणतच. मी वाळलेली नाही. ती सगळ्यांनाच तसं म्हणते.

हेमंतरावांची खोली होती तशीच होती. खिडकीशी टेबल, टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर, आणि तो चालू. "बंद कशाला करायचा?" उषा म्हणाली. "तो घुर्र घुर्र करतो तेवढीच सोबत."

किती रविवार ह्या खोलीत गेले! हेमंतराव बनियन-लुंगीत, समीर आणि कौस्तुभ सतरंजीवर, मृण्मयी नुकतीच पुण्याहून आलेली आणि सगळ्यांचं मराठी सुधारत बसलेली, मी आणि उषा दाराशी भाजी निवडत. नवा रस्ता तयार झाला की त्यावरून पहिलं पत्र हेमंतरावांना पाठवायचं, असा इथला रिवाज. प्रोग्रॅमवाले लोक अशा पत्रात 'टेस्ट टेस्ट' लिहितात म्हणे. हेमंतरावांना त्याचा भारी राग. "टेस्ट टेस्ट असं पत्र कुणी कुणाला लिहितं का? आज काय जेवलात ते लिहा," असा त्यांचा हुकूम होता. मग अंबाडीची भाजी, खट्टी दाळ, मेसमधला चिंचेचा पुलिहोरा भात असं काय काय लिहिलेलं पत्र नव्या रस्त्याने यायचं. कॉम्प्युटर टुंग वाजायचा आणि आम्ही सगळे ओरडायचो. हेमंतराव ताबडतोब उत्तर लिहायला बसायचे, आपण काय जेवलो ते कळवायला. पत्र शेजारच्या सतरंजीवरून आलेलं असलं तरी.

ते दिवस आठवले आणि मला भरून आलं. उषाने ते पाहिलं आणि चहा ठेवला.

"उषा, ह्या कॉम्प्युटरला कोण हात लावतं?"

"मीच. सकाळी पुसते, आलेल्या मेल बघते. बँकेच्या, नाहीतर कुणी तरी काही विकतंय त्याच्या. मृण्मयीने पण विचारलं, काकू, साइटवर जाऊन होकार दिला का म्हणून. मी म्हटलं, कुठली साइट आणि होकार कसला? मला साइट-बिइट काही येत नाही गं. ते सगळं हे बघायचे."

उषा खोटं बोलली की पदराचं टोक बोटाला गुंडाळते. तिसरीतली सवय आहे. आत्ता पदर जागच्या जागी होता. साइटवर ती खरंच गेली नव्हती.

"घरी कोण आलं होतं अलीकडे?"

"समोरच्या राजेश्वरम्मा सोडून कोण येतंय आता! मुलं आपापल्या कामात. समीर सणावाराला येतो. कौस्तुभ तर नोकरी बदलल्यापासून फिरकलाच नाही." तिने कपात साखर घातली. माझ्या कपात ती घालायची नसते, हे विसरून. "त्याला पित्ताने बेजार केलंय, बघ. मिरची बंद, नुसत्या इडलीवर दिवस काढतोय. हे असते तर बखोट धरून घरी आणला असता."

मी दाराबाहेर पडत होते तेवढ्यात समीरचा फोन आला.

"मावशी, कुठे आहात? होकार कुठून आला ते सापडलं. काकांच्या खात्यात बाहेरून कुणी घुसलेलं नाही. होकार काकांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरून आलाय. गौलीगुड्याच्या घरातून."

मी वळून पाहिलं. आत कॉम्प्युटर घुर्र घुर्र करत होता.

३

समीर उमरीकरचं ऑफिस अफझलगंजमध्ये, एका सुक्या मेव्याच्या घाऊक दुकानाच्या माडीवर. दवाखान्यांना लागणारे प्रोग्रॅम तो लिहून देतो. जिना चढताना वेलदोड्याचा वास येतो आणि वर पोचल्यावर समीरचं हसू ऐकू येतं. आज हसू नव्हतं.

"तुझ्या गिऱ्हाइकांना नभडाक हवं होतं ना?" मी बसायच्या आधीच विचारलं.

"हवं होतं. अजून पण हवंय. लपवून काय करू? दवाखानेवाले म्हणतात, आमच्या मेल त्या मशीनवरून बराबर पोचतात, नाहीतर कचऱ्याच्या टोपलीत जाऊन पडतात. मी तर मृण्मयीला बोललो पण, की जुने रस्ते तसेच राहू देत, एक कुलूपवाला रस्ता जोडला तर काय बिघडतं? ज्याला पाहिजे तो घेईल."

"आणि उषाचा कॉम्प्युटर तूच बसवून दिलास. इथे बसून तुला त्यात शिरता येतं."

समीरचा चेहरा उतरला. "येतं. काकूंना काही अडलं तर मदत करायला ठेवलंय ते. पण मावशी, मी शिरलो असतो तर तिथे माझा माग राहिला असता. मृण्मयीने स्वतः तपासलं. माग नाही. म्हणून तर ती म्हणते की कौस्तुभने त्या कॉम्प्युटरमध्ये पूर्वीच काहीतरी पेरून ठेवलं असणार. तोच तिथे रात्रंदिवस असायचा."

हे मात्र बिनतोड होतं, आणि मला ते आवडलं नाही. बाहेरून कुणी आलं नाही, आत फक्त उषा, आणि उषाला होकार कसा देतात तेच माहीत नाही. मग उरतो तो पेरणारा कौस्तुभ.

"हेमंतराव स्वतः कसा द्यायचे रे होकार?"

"साइटवर बटन असतं ना, ते दाबून. आम्ही सगळे तसंच करतो." तो थांबला. "खरं म्हणजे मी त्यांना दाबताना कधी पाहिलं नाही. साइट उघडायचा त्यांना आळस. म्हणायचे, चकचकाट फार आहे, डोळे दुखतात. पण पत्राला उत्तर यायचं आणि बघावं तर होकार लागलेला असायचा."

"आणि नकार?"

"नकार?" आता समीर खरंच हसला. "नकार आला की मी फोन हातभर लांब धरायचो. काका फोनवर द्यायचे नकार. लिहून कधीच नाही. एकदा तर अर्धा तास झापलं आणि शेवटी विचारलं, जेवलास का? लिहिलेला नकार माणसाला टोचत राहतो, बोललेला दुसऱ्या दिवशी विरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तुम्ही हरकाऱ्याची सगळी जुनी पानं उलटा. काकांचा एक नकार सापडणार नाही."

मी जिना उतरताना हे डोक्यात घोळवत होते. नकार फोनवर देणारा, साइट उघडायचा आळस करणारा माणूस. मग त्याचे इतके होकार साइटवर लावत कोण होतं?

४

कौस्तुभ मला माधापूरच्या एका टिफिन सेंटरवर भेटला. उभ्याने खायचं, गोल टेबलं, भोवती गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं. त्याच्या थाळीत इडली होती. चटणीची वाटी त्याने बाजूला सारली होती.

"मावशी, मला माहीत आहे तुम्ही का आलात," तो म्हणाला. "मृण्मयीला सांगा, नाव काढून टाक. मी भांडणार नाही."

"खोटी सही तू केलीस?"

"नाही."

"कॉम्प्युटरमध्ये काही पेरलंस?"

"नाही केलं, मावशी."

"मग कुणी केलं ते तुला ठाऊक आहे."

तो इडलीचे तुकडे करत राहिला, खाल्ला एकही नाही. "तुम्ही शोधू नका ना. काय होणार आहे? मला काढतील. ठीक आहे. बदल पण काढून टाका. मी तो चोरून घुसवायला लिहिलाच नव्हता. त्यात तारीख बघा, महिनाभर तसाच पडून होता, ह्या दोघांनी वाचावा म्हणून. वाट बघून बघून एक दिवस मी..."

"एक दिवस तू काय?"

"काही नाही."

"उषाकडे का जात नाहीस?"

त्याचे डोळे भरले. एवढा मोठा मुलगा, भर बाजारात. "कुठल्या तोंडाने जाऊ? काकांनी उभी हयात उघडं काम केलं आणि मी जाऊन कुलूपवाल्यांकडे बसलो. काकूंना वाईट वाटलं असेल असं वाटतं. वर्ष झालं, गेलो नाही. फोन पण नाही केला. उचलला तर काय बोलू?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आणि हे काय, नुसती इडली? हैदराबादचा पोरगा आणि चटणी नाही?"

"पित्त झालंय. डॉक्टरने मिरची बंद केली, पंधरवडा झाला असेल. कुणाला सांगू नका, ऑफिसात चिडवतात."

मी हात काढून घेतला. वर्षभर भेट नाही, फोन नाही, कुणाला सांगितलेलं नाही. आणि गौलीगुड्यात साखर ढवळत उषाने मला हेच सांगितलं होतं, मिरची आणि इडलीसकट.

"कौस्तुभ," मी हळूच म्हटलं, "एक दिवस तू हेमंतरावांना पत्र लिहिलंस. काय जेवलास ते."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "नक्को मावशी," तो म्हणाला. "मी पाया पडतो तुमच्या. हे कुणाला सांगू नका. मला काढू देत."

५

रविवारी सगळे जमले. सतरंजी तीच, माणसं अवघडलेली. कौस्तुभ दाराजवळ भिंतीला टेकून उभा होता. वर्षाने घरात आलेल्या पोराला उषाने जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

"आपण भावनेत न जाता..." मृण्मयी सुरू झाली, आणि तिचाच आवाज कापला. "काकांचं नाव वापरलं गेलंय. नभडाक राहील की जाईल तो वेगळा वाद. गेलेल्या माणसाच्या नावाने होकार देणाऱ्याबरोबर मी काम करू शकत नाही. कौस्तुभ, तू काही सांगणार आहेस?"

"नाही."

"मग मत घेऊ. आणि ह्या कॉम्प्युटरवरचा काकांचा पत्ता, खातं, सगळं आज बंद करू. असं उघडं ठेवणं धोक्याचंच आहे."

भिंतीला टेकलेला कौस्तुभ ताठ झाला. तेव्हा मला त्याच्या गप्प बसण्याचा शेवटचा धागा सापडला. हे त्याला आधीच कळलं होतं. खरं बाहेर आलं की पहिली कुऱ्हाड ह्या पत्त्यावर पडणार होती. आता तो गप्प राहूनही ती पडतच होती.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. वकिलीत हे बसत नाही. साक्षीदाराला आधी आतल्या खोलीत गाठायचं नसतं. पण चारचौघांत तिच्यावर बोट ठेवणं मला ह्या जन्मी जमलं नसतं.

"उषा," मी म्हटलं, "कौस्तुभच्या पित्ताचं तुला कुणी सांगितलं?"

पदराचं टोक बोटाभोवती फिरायला लागलं.

"अगं, मी तुला रागवत नाहीये. पण बाहेर त्या पोराला काढतायत. तू उत्तर लिहिलंस म्हणून."

"उत्तर लिहिलं म्हणून?" ती माझ्याकडे बघत राहिली. "उत्तराने काय होतं?"

तिला खरंच माहीत नव्हतं. मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं, माझ्याजवळ बसवलं, आणि मग बोलले.

"मृण्मयी, हेमंतरावांना साइटवर बटन दाबताना तू कधी पाहिलंस?"

"नाही, पण..."

"समीरने पण नाही. त्यांना साइट उघडायचा आळस. लिहून नकार ते देतच नसत, त्यासाठी फोन होता. म्हणजे पहिल्या पत्राला त्यांनी लेखी उत्तर दिलं, की तो होकारच असायचा. दुसरं काही असूच शकत नव्हतं. ज्या माणसाने टपालाची इतकी यंत्रं घडवली तो रोज साइट उघडून बटन दाबत बसेल, की स्वतःपुरती एखादी सोय करून ठेवेल? समीर, अशी सोय करता येते का, की ह्या कॉम्प्युटरवरून पहिल्या पत्राला उत्तर गेलं की आपोआप होकार लागावा?"

समीर उभाच राहिला. "चुटकीसरशी. आणि दिसताना तो बटन दाबल्यासारखाच दिसेल. अरे बापरे! म्हणून माग नव्हता!"

"कॉम्प्युटर गेली दोन वर्षं चालू आहे. सोयही चालू आहे. ह्या दोन वर्षांत नवा रस्ता कुणी जोडला नाही, म्हणून पहिलं पत्रही आलं नाही आणि कुणाला काही कळलं नाही. मग कौस्तुभने, तुमच्या वाचनाची वाट बघत असताना, जुन्या सवयीने नभडाकच्या रस्त्यावरून हेमंतरावांच्या पत्त्यावर पहिलं पत्र लिहिलं."

"सवयीने नाही," कौस्तुभ भिंतीकडून म्हणाला. "आठवण आली म्हणून. तिकडे कुणी वाचणार नाही हे माहीत होतं. ती सोय काकांनी लिहिली तेव्हा मी शेजारी बसून भजी खात होतो, पण ती अजून जिवंत असेल असं डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पोहोचलं, आमच्याकडे आज दोडक्याची भाजी, असं. मावशी, मी ऑफिसातून उठून बाहेर गेलो आणि लहान पोरासारखा रडलो. काकू आहेत हे कळत होतं. पण लिहिलं होतं अगदी काकांसारखं. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. हरकाऱ्याकडे बघितलं तोवर मृण्मयीने आरडाओरडा केलेला होता."

"मग बोलला का नाहीस?" मृण्मयी जवळजवळ ओरडली. "मी तुला चोर म्हणाले, कौस्तुभ! सगळ्यांसमोर!"

"बोललो असतो तर तू पत्ता बंद केला असतास. बरोबरच होतं ते, मी पण तेच केलं असतं." तो उषाकडे बघत नव्हता. "मग काकूंनी कुणाला लिहिलं असतं?"

६

उषा सतरंजीकडे बघत होती. मला वाटलं, ही आता उठून आत जाईल आणि मला जन्मभर क्षमा करणार नाही.

"मी साइटवर गेले नव्हते," ती अखेर म्हणाली. "मृण्मयीने विचारलं ते खरं सांगितलं. पत्राचं कुणी विचारलंच नाही, आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. लाज वाटली. गेलेल्या नवऱ्याच्या नावाने पत्रं लिहिते म्हटलं तर लोक काय म्हणतील? पण यांच्या नावाने पत्र आलं होतं. 'काका, आज इडली खाल्ली, पित्त आहे' म्हणून. पोरगं आजारी आहे म्हणून लिहितंय आणि घरातून कुणी उत्तर द्यायचं नाही? यांनी दिलं असतं. मी यांच्यासारखंच लिहिलं, म्हणजे त्याला बरं वाटेल. आणि खरं सांगायचं तर मलाच बरं वाटलं. लिहिताना हे इथे बसलेत असं वाटायचं."

समीरने तोंड फिरवलं. मृण्मयी उठली, कौस्तुभपाशी गेली आणि त्याच्यासमोर नुसती उभी राहिली. "सॉरी" हा शब्द तिला नीट म्हणता येईना. तो म्हणाला, "असू दे गं." मग दोघंही रडले. कोर्टात न्यायाधीशाला हे करता येत नाही, म्हणून तिथले निकाल कोरडे असतात.

नभडाकचं काय करायचं ते त्यानंतर झालं, आणि फार लवकर झालं. कौस्तुभने स्वतःच तो बदल मागे घेतला. समीर म्हणाला, पुन्हा दे, ह्या वेळी आम्ही दोघं वाचतो. मृण्मयीने अट घातली की तो रस्ता हरकाऱ्याच्या पोटात नको, बाजूला वेगळा ठेवायचा. ज्याला हवा त्याने स्वतः जोडून घ्यावा आणि तो कुलूपबंद आहे हे वर ठळक लिहिलेलं असावं. "काकांना चाललं असतं का?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, मेलेल्या माणसाचं मत गृहीत धरायचा कायदा नाही, तुमची मतं द्या. त्यांनी दिली.

उरला पत्ता.

मृण्मयी हेमंतरावांच्या खुर्चीवर बसली. तिने ती जुनी सोय शोधून काढली. "काकू, एवढी एकच गोष्ट काढते. पत्ता राहू देते," ती म्हणाली. "आता तुमच्या उत्तराने काहीच होणार नाही."

"काही व्हायला नकोच होतं गं," उषा म्हणाली. "नुसतं पोचायला हवं होतं."

मृण्मयीने ती सोय पुसली. खुर्चीवरून मात्र ती उठेना. पाठमोरीच बसून म्हणाली, "काकू, मी पण लिहू का कधी? माझ्याकडे नवा रस्ता वगैरे काही नाही. असंच. मलाही काकांना खूप सांगायचं राहून गेलंय."

उषा उठली. तिने मृण्मयीच्या केसांवरून हात फिरवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. दोन वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आत्ताही ती रडत नव्हती, पण आवाज तिचा राहिला नव्हता.

"लिही की," ती म्हणाली. "यांना लिही, मी वाचीन. उत्तर मात्र ह्यापुढे माझ्या नावाने येईल. चालेल ना?"

मृण्मयीने मान हलवली. भिंतीशी उभा असलेला कौस्तुभ तिथेच खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"रडतोस काय?" उषा त्याला म्हणाली. "हात धुऊन ये. पानं घेतलीत, आणि तुझ्या भाजीत मिरची नाही."